न दिसणारा दिवा

घरांतील वस्तूंमध्यें रिमोटाइतकी मर्यादशील वस्तु आम्हीं दुसरी पाहिली नाहीं. खोलीबाहेर त्याचा हुकूम चालत नाहीं, भिंतीपलीकडे काय चाललें आहे याची तो चौकशी करीत नाहीं, आणि मध्यें कोणी उभें राहिलें तर तो निमूटपणें गप्प बसतो. कोशकारांनीं त्यास 'दूरनियंत्रक' असें भारदस्त नांव दिलें आहे खरें. पण ज्याचें 'दूर' पंचवीस-तीस फुटांवर संपतें त्याच्या अंगास हें नांव ढगळ होतें, आणि म्हणूनच कीं काय, घरोघर त्यास रिमोटच म्हणतात. त्याच्या ह्या तोकड्या पल्ल्याबद्दल आमची कधीं तक्रार नव्हती. ती तीन वर्षांपूर्वीं उत्पन्न झाली, आणि तिचें कारण आमचे वडील.

ती. तात्यांस वयाच्या ८४ व्या वर्षीं पक्षाघाताचा झटका आला. उजवें अंग गेलें आणि वाचा गेली. बुद्धि मात्र जशीच्या तशी राहिली, हेंच कदाचित् त्यांस अधिक जड गेलें असेल. ज्यांनीं उभा जन्म शाळेंत गणित शिकविलें, आणि घरींदारीं ज्यांचा शब्द शेवटचा असे, त्यांच्या तोंडून दोन अक्षरें सरळ निघेनात. रात्रीं त्यांच्या उशाशीं कोणी निजावें असें आम्हांस वाटे. परंतु आपल्यावर कोणी पहारा केलेला त्यांस खपत नसे. पहिल्याच आठवड्यांत ठेवलेल्या बाईंस त्यांनीं डाव्या हातानें दाराची दिशा दाखविली, आणि आम्ही गेलों तेव्हां आम्हांसही तीच. आमचा वाडा जुना, पुण्यांतील उरल्यासुरल्या वाड्यांपैकीं एक. चौकाच्या एका बाजूस तात्यांची खोली, समोरच्या बाजूस माडीवर आमची. मध्यें ५५ फुटांचें अंतर. त्या अंतरापलीकडे वाचा नसलेल्या माणसानें हांक कशी मारावी, हा प्रश्न होता.

देवघरांतील घंटा त्यांच्या हाताशीं ठेवली. ती एकदां खालीं पडली ती त्यांनीं पुन्हां घेतली नाहीं. बाजारांत रेडिओलहरींवर चालणारी बिनतारी घंटा मिळते, तीही आणली. ती त्यांनीं गादीखालीं सारली. त्यांच्या डाव्या हातांत रात्रंदिवस असे तो जुन्या टीव्हीचा रिमोट. टीव्ही सहा महिन्यांपूर्वींच बिघडून माळ्यावर गेला होता. पण राज्य गेलें तरी राजदंड सोडवत नाहीं, तशांतला हा प्रकार. एका संध्याकाळीं आम्ही आपल्या सज्जांत उभे असतां समोर पाहतों तों तात्या खिडकींतून तो रिमोट आमच्यावर रोखून त्याचें लाल बटण पुनःपुन्हां दाबीत आहेत. ते आम्हांस चालूं करूं पाहत होते कीं बंद, हें आम्हांस आजतागाईत कळलेलें नाहीं. परंतु ते आम्हांस बोलावीत होते एवढें खरें, आणि आम्हांस ऐकूं येत नव्हतें एवढेंही खरें.

आमचा भाचा तंत्रनिकेतनांत विजेचें शिक्षण घेतो. त्यास आम्हीं ही हकीकत सांगितली तेव्हां तो म्हणाला, "मामा, नवें यंत्र आजोबा हातीं धरणार नाहींत. त्यांच्या हातांत आहे त्यालाच आपण लांब हात देऊं." दोन दिवसांत त्यानें एक लहानशी पेटी करून आणली. तिच्या तोंडाशीं काळसर मणी होता, आणि त्या मण्यास त्या रिमोटाच्या लाल बटणाचा संकेत मिळाला कीं आंतील घंटा वाजे. तात्यांच्या खोलींत ती उत्तम वाजली. चौकांत नेली तोंवर वाजली. आमच्या खोलींत नेऊन ठेवली, आणि ती मुकी झाली.

दुखणें काय आहे हें समजून न घेतां औषध आणावयास धांवणें हा आमचा जुना स्वभाव आहे. रिमोट प्रकाशावर चालतो एवढें आम्हांस ठाऊक होतें. तेव्हां प्रकाश अपुरा पडत असेल तर त्यास प्रकाशाची जोड द्यावी, असें आमच्या मनानें घेतलें, आणि आम्हीं बाजारांतून एक भली मोठी बॅटरी आणली. तिचा झोत कौलांवर पडतांच तेथें निजलेलें मांजर उठून गेलें. ही बॅटरी आम्हीं सुतळीनें रिमोटास बांधिली. आमची कल्पना अशी कीं, ओढ्याच्या पाण्यावर जशी काडी वाहत जाते, तसा रिमोटाचा अशक्त संकेत ह्या प्रकाशाच्या लोंढ्यावर बसून पैलतीरास जाईल. चौक दिवसासारखा उजळला. घंटा वाजली नाहीं. भाचा जिन्यावर बसून हंसत होता. वडील माणसास हंसण्याचें त्याचें वय नव्हे, पण आमची स्थिति हंसण्याजोगी होती हें कबूल केलें पाहिजे.

रिमोटाच्या टोकाशीं असलेला बारीक दिवा जो प्रकाश टाकतो तो आपल्या डोळ्यांस दिसतच नाहीं. तो तांबड्याच्या पलीकडचा, म्हणजे अवरक्त. ह्या किरणांचा शोध १८०० सालीं विल्यम हर्शेल यानें लाविला. हा गृहस्थ मूळचा पेशानें वादक. १७८१ सालीं युरेनस ग्रह शोधून तो ज्योतिषी म्हणून जगप्रसिद्ध झाला. लोलकांतून पडलेल्या सूर्याच्या रंगपट्ट्यांत निरनिराळ्या रंगांवर त्यानें उष्णतामापक ठेवून पाहिले, आणि तांबड्या रंगाच्या बाहेर, जेथें डोळ्यांस नुसता अंधार दिसत होता, तेथें ठेवलेल्या मापकाचा पारा सर्वांत अधिक चढला. रिमोटांतील दिव्याच्या लहरी बहुधा ९४० नॅनोमीटर लांबीच्या असतात. आमच्या नव्या बॅटरींत पांढऱ्या एल्. ई. डी. होत्या, आणि त्यांच्या प्रकाशांत अवरक्ताचा अंश जवळजवळ नसतोच. म्हणजे डोळे दिपविणारा तो सारा झोत त्या काळ्या मण्याच्या लेखीं काळोखच होता.

मग तारेच्या जुन्या दिव्याची बॅटरी आणावी काय? त्या दिव्यांत तर दहावा हिस्सादेखील दिसणारा प्रकाश होत नाहीं, बाकीची बहुतेक शक्ति उष्णतेच्या रूपानें अवरक्तांतच जाते. येथें दुसरी अडचण उभी राहते. रिमोटाचा दिवा नुसता पेटत नाहीं; तो सेकंदास सुमारें ३८,००० वेळां लुकलुकतो, आणि ग्रहण करणारा मणी ह्याच ठेक्यास ओ देतो. देवळांत शंभर माणसें घंटा बडवीत असतांही मुलास आईची हांक ऐकूं येते, तसें त्याचें आहे. तारेचा दिवा असा लुकलुकूं शकत नाहीं; एकदां तापलेली तार सेकंदाच्या हजाराव्या भागांतही थंड होत नाहीं, मग अडतीस हजाराव्या भागाची गोष्ट कशास? अशा संथ प्रकाशानें संकेतास मदत तर होत नाहींच, उलट तो फार झाला तर मण्याचे डोळे दिपतात. म्हणूनच खिडकीशीं ऊन आलें असतां रिमोट हट्टास पेटतो. जो उपाय म्हणून आम्हीं केला तोच अपाय होता!

ह्या ३८,००० लुकलुकींचे लहानमोठे पुंजके करून त्यांत आंकडे गुंफितात. जपानच्या एन्. ई. सी. कंपनीनें रूढ केलेल्या पद्धतींत प्रथम सेकंदाच्या नऊ-हजारांश भागाचा एक लांब पुंजका, त्याच्या निम्मी शांतता, आणि मग ३२ खुणा. त्यांपैकीं निम्म्या केवळ पहिल्या निम्म्यांचा ताळा पाहण्याकरितां उलट्या करून पाठविलेल्या असतात. हा ताळ्याचा भाग भाच्यानें पाटीवर समजावून सांगितला तेव्हां तात्यांच्या तोंडाची डावी बाजू हंसली. त्यानंतर त्यानें आपल्या मोबाइलचा कॅमेरा रिमोटाच्या टोकासमोर धरिला. कॅमेऱ्यास हा प्रकाश थोडासा दिसतो. पडद्यावर जांभळट ठिणगी लुकलुकली. तात्यांनीं ती पंधरा-वीस वेळां पाहिली. आपल्या मुठींत कांहीं तरी पेटतें आहे, हें त्यांस त्या दिवशीं प्रथम दिसलें.

ह्या लुकलुकीच्या युक्तीस पोंचण्यापूर्वीं पश्चिमेकडील लोकांनींही बरीच ठेंच खाल्ली आहे, हें वाचून आमच्या बॅटरीच्या फजितीचें दुःख कांहींसें हलकें झालें. अमेरिकेंतील झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली नांवाच्या अभियंत्यानें १९५५ सालीं 'फ्लॅश-मॅटिक' काढला. तो म्हणजे अक्षरशः एक बॅटरीच होती. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशग्राही डोळे बसविलेले, आणि ज्या कोपऱ्यावर झोत टाकावा तें काम व्हावें. परंतु ठेका ओळखण्याची सोय नसल्यामुळें सूर्य खिडकींतून आला कीं तोही हुकूम सोडूं लागे. पुढच्याच वर्षीं रॉबर्ट ॲडलर यानें प्रकाश सोडून कानास न ऐकूं येणाऱ्या ध्वनीचा आश्रय केला. बटण दाबतांच एक हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटे. त्यास विजेची गरज नव्हती. मात्र घरांत नाण्यांचा वा किल्ल्यांचा खुळखुळाट झाला तरी टीव्ही गोंधळे. ही पद्धति पंचवीस वर्षें चालली आणि मग अवरक्तानें तिची जागा घेतली. असो.

आमचा पल्ला वाढविण्याचे प्रयोग आतां रीतसर सुरू झाले. नवे सेल घातले. चार पावलें अधिक मिळालीं. वाचनाचें भिंग रिमोटापुढें धरून किरण एकवटले, तेव्हां मात्र मौज झाली: ५५ फूट काय, चौकाबाहेर बोळाच्या तोंडाशीं नेलेली पेटीही खणखणली. आम्ही विजयी मुद्रेनें तात्यांच्या हातीं तें भिंग लाविलेलें साधन दिलें. पण भिंगानें प्रकाश वाढत नाहीं, पसरणारा प्रकाश नुसता आंवळला जातो. झोत जितका लांब तितका अरुंद. आमच्या स्थिर हातास जें साधलें तें त्यांच्या कंप पावणाऱ्या डाव्या हातास कसें साधावें? झोत कधीं आमच्या खिडकीच्या वर जाई, कधीं तुळशीवृंदावनावर. शिवाय निजलेल्या माणसानें नेम धरावा तरी कसा? चौथ्या खेपेस त्यांनीं भिंग पलंगावर ठेवून दिलें आणि भिंतीकडे तोंड केलें. आम्हांस त्या वेळीं जी लाज वाटली ती बॅटरीच्या वेळीं वाटली नव्हती.

तेव्हां झोत रुंद हवा आणि प्रखरही हवा. म्हणजे दिवेच अधिक पाहिजेत. भाच्यानें कोणा दुकानदाराच्या अडगळींतून पाहाऱ्याचा एक मोडका कॅमेरा आणला. असल्या कॅमेऱ्याच्या कांचेभोंवतीं रात्रीं पाहण्याकरितां अवरक्त दिव्यांचें कडें असतें; ह्यांत २४ दिवे होते. त्यांच्या लहरी ८५० नॅनोमीटरच्या, म्हणून ते जवळून मंद तांबूस दिसतात, आणि आमच्या मण्यास ते कांहींसे कमी ऐकूं येतात. पण संख्येपुढें तो दोष चालण्यासारखा होता. भाचा पाटीवर आंकडे मांडून म्हणाला, "मामा, चोवीस दिवे म्हणजे चोवीस पट लांब!" तात्यांनीं 'ऊं' असा आवाज केला, पाटी ओढून घेतली, आणि डाव्या हातानें वेड्यावांकड्या आंकड्यांनीं लिहिलें: ४·९. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत विरळ होतो; दुप्पट अंतरास चौपट दिवे लागतात, आणि २४ दिव्यांनीं पल्ला वाढावयाचा तो २४ च्या वर्गमुळाइतकाच. झटका आल्यापासून त्यांनीं कोणाची चूक सुधारली ती ही पहिली. आमच्या सौभाग्यवतींनीं ती पाटी पुष्कळ दिवस पुसूं दिली नाहीं.

भाच्याचा याहून धाडसी बेत लेसरचा होता. तो मात्र आम्हीं मोडून काढिला. प्रखर प्रकाश दिसला तर पापणी आपोआप मिटते. न दिसणाऱ्या प्रकाशास ती मिटत नाहीं, आणि इजा व्हावयाची ती होऊन जाते. चौकांत शेजाऱ्यांचीं मुलें खेळतात. कड्याचे दिवेदेखील आम्हीं खिडकीबाहेर उंच, माणसाच्या नजरेच्या रेषेवरून बाजूस बसविले.

योजना अशी ठरली. तात्यांनीं रिमोट वाटेल तसा धरावा, पांघरुणावरून दाबावा. खोलीच्या पांढऱ्या भिंतींवरून परतणारा प्रकाश पलंगाच्या दांडीशीं बसविलेला एक मणी टिपील, त्या संकेतास पुन्हां ३८,००० चा ठेका देऊन बाहेरचें कडें तोच संकेत मोठ्यानें चौकापार ओरडेल. आंतला चोपदार आणि बाहेरचा भालदार! पहिल्या दिवशीं ह्या भालदारास वेड लागलें. त्याचाच प्रकाश खिडकीच्या दारावरून उलटून आंतल्या मण्यावर पडे, मणी तो नवा हुकूम समजे, आणि दोघे एकमेकांस अखंड सांगत सुटत. मण्यावर पुठ्ठ्याची टोपी आली तेव्हां हा संवाद थांबला. नंतर आढळलें कीं, दुपारीं तीनच्या सुमारास आमच्या खोलींतील पेटीवर ऊन येतें तेव्हां ती बहिरी होते. तिच्या तोंडाशीं काळ्या कागदाची नळी बसवून तेंही निस्तरलें. त्या रात्रीं सव्वादोन वाजतां घंटा वाजली. आम्ही धांवत गेलों. तात्यांस कांहींच नको होतें. आम्ही येतों कीं नाहीं एवढेंच त्यांस पाहावयाचें होतें.

येथें ही हकीकत संपावयाची, पण आमच्या खोलीच्या खालीं शेजाऱ्यांचें बिऱ्हाड आहे. दोन आठवड्यांनीं शेजारीण बाईंनीं आमच्या घरीं हलक्या आवाजांत सांगितलें कीं, त्यांचा टीव्ही अलीकडे मध्यरात्रीं आपोआप लागतो. दोनदां दुरुस्तीवाला येऊन गेला, पैसे घेऊन गेला, आणि यंत्र ठीक आहे म्हणाला. शेवटीं त्यांच्या सासूबाईंनीं दृष्ट काढून टीव्हीवरून नारळ उतरविला. आम्हीं हें ऐकलें, आणि घास हातांतच राहिला. त्यांचा टीव्ही आमच्या माळ्यावरील टीव्हीच्याच घराण्याचा होता, आणि त्याचें तोंड चौकाकडे होतें! रिमोटाच्या संकेतांत यंत्राची जात सांगितलेली असते, घराचा क्रमांक नसतो. भिंती आणि तोकडा पल्ला हींच त्याचीं दारें-कड्या. आम्हीं २४ दिवे लावून तींच उघडून टाकिलीं होतीं.

लागलींच जाऊन सांगावयाचें होतें. सांगितलें नाहीं, आणि त्याचें कारण सांगणें प्राप्त आहे. त्याच रात्रीं आम्ही तात्यांच्या खोलींत बसलों असतां चौकापलीकडून कसल्याशा मालिकेंतील रडारड जोरानें ऐकूं येत होती. तात्यांनीं घड्याळाकडे पाहिलें, पांघरुणांतून रिमोट काढिला, आणि लाल बटण दाबिलें. रडणें मध्येंच तुटलें. चौकांत शांतता पसरली. तात्यांनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं. पण त्यांच्या तोंडाची डावी बाजू, पाटीच्या दिवशीं हंसली होती तशी हंसली. म्हणजे त्यांस हें सारें आमच्या आधीं उमगलेलें होतें! ज्यांचें आपल्या उजव्या हातावरही राज्य उरलें नव्हतें, त्यांचा हुकूम ५५ फुटांपलीकडे चालत होता.

असल्या खोडीस मोठमोठ्यांचा आधार आहे. अमेरिकेंत मिच ऑल्टमन ह्या गृहस्थानें २००४ सालीं 'टीव्ही-बी-गॉन' नांवाचें, किल्ल्यांच्या जुडग्यास अडकविण्याजोगें एक यंत्र विक्रीस आणलें. बटण दाबलें कीं तें निरनिराळ्या कंपन्यांच्या टीव्हींचे बंद होण्याचे संकेत एकामागून एक सोडतें. उपाहारगृहांतील कोलाहलानें गांजलेल्यांस तो प्रसादच वाटला. परंतु २००८ सालीं लास व्हेगास येथील मोठ्या प्रदर्शनांत कांहीं वार्ताहरांनीं त्याच यंत्रानें मांडलेले टीव्ही पटापट विझविले, तेव्हां त्यांपैकीं एकास प्रदर्शनाचें दार बंद झालें. आम्हांस दार बंद करणारें कोणी नव्हतें. आम्ही तीन आठवडे गप्प बसलों. शेजाऱ्यांनीं दुरुस्तीवाल्यास तिसऱ्यांदा बोलाविल्याचें कळलें, तेव्हां मात्र आमच्या सौभाग्यवतींनीं आमच्याकडे ज्या नजरेनें पाहिलें तिला लेसरची उपमा शोभेल.

आम्ही खालीं गेलों आणि सर्व सांगितलें. दुरुस्तीचे पैसे पाकिटांत घालून नेले होते, तेही पुढें ठेवले. शेजारी सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. त्यांनीं पाकीट परत सरकविलें. बराच वेळ ते चौकापलीकडील त्या कड्याकडे पाहत होते. त्याचा तांबूस मंदपणा तेथून दिसत नाहीं. मग ते म्हणाले, "तात्यांस सांगा, साडेदहापर्यंत घरांत मालिका बघतात. त्यानंतर त्यांची मर्जी."

त्या दिवसापासून साडेदहा वाजले कीं शेजारी आपल्या खिडकीचा पडदा बाजूस करीत. तात्या बटण दाबीत, टीव्ही बंद होई, आणि मग मध्यरात्रीं तो पुन्हां लागूं नये म्हणून शेजारी भिंतीवरील बटणही बंद करीत. हा क्रम पुढें चौदा महिने, तात्या गेले त्या फाल्गुनापर्यंत, बहुधा चुकला नाहीं. कडें अद्यापि खिडकीबाहेर आहे. भाचा तें दुसऱ्या कामाकरितां मागतो आहे. शेजाऱ्यांचा टीव्ही आतां ते स्वतःच बंद करतात. अकरा वाजून जातात.